चार टायर आणि तीन भाव

टायर बदलायची वेळ दोन कारणांनी येते. एक तर नक्षी झिजते, नाही तर रबराचं वय होतं. माझ्या गाडीच्या बाबतीत दुसरं कारण आधी आलं, आणि स्वस्त घ्यायचे की महाग हा प्रश्न शेवटी त्यावरच सुटला.

सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने टायरच्या खाचेत खोली मोजायचं गेज घातलं. पुढच्या दोन टायरांना 4 मिमीच्या जरा खाली, मागच्यांना त्याहून थोडी जास्त. नव्या टायरला साधारण 8 मिमी असते. खाचांच्या तळाशी अधूनमधून छोटे आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की 1.6 मिमी उरली असं समजायचं, आणि बऱ्याच देशांत कायद्याची हद्दही तीच आहे. म्हणजे टायर गोटा झालेले नव्हते. "मॅडम, अजून दोन वर्षं आरामात ओढतील," असं तो म्हणालाही. पण टायरच्या कडेला, रिमच्या जवळ, बारीक भेगांची जाळी दिसत होती. मी उकिडवी बसून मोबाइलच्या उजेडात साईडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीवरचा, तारखेचा कोड शोधला. डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघायचे. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. 2321 असेल तर 2021 सालचा तेविसावा आठवडा. (हा कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असतो, आणि नेमकी तीच बाजू गाडीच्या आत गेलेली असते.) माझ्या टायरांना आठ वर्षं होऊन गेली होती.

टायर कंपन्या सर्वसाधारणपणे सांगतात की पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढून टाका. काही गाडी कंपन्या तर सहा वर्षांतच बदला म्हणतात. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होत जातं, गाडी उभी असली तरी. भेगा दिसत असताना दहाव्या वर्षाची वाट बघण्यात अर्थ नव्हता. बदलायचे, हे ठरलं.

मग भाव काढले. माझी साईज 195/65 आर 15. 195 मिमी रुंदी, त्याच्या 65 टक्के उंची, रेडियल बांधणी, 15 इंची रिम. पुढे 91 एच. 91 म्हणजे एका टायरला 615 किलोपर्यंतचा भार, एच म्हणजे ताशी 210 किमीपर्यंतचा वेग. या एकाच साईजमध्ये भावाचे सरळ तीन गट पडले. स्वस्त टायरला 100 धरलं तर मधला 140 च्या आसपास आणि नावाजलेला महाग टायर 180 च्या घरात. चार टायरांचा फरक चांगलाच जाणवणारा होता.

सल्ल्यांना तोटा नव्हता. विक्रेता म्हणाला, "रबर सगळीकडे तेच असतं हो, नावाचे पैसे घेतात." माझा दादा नेमकं उलट म्हणाला: "टायरमध्ये काटकसर करायची नाही. डोळे मिटून सगळ्यात महाग घे." गाडी वर्षाला किती पळते, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. दादाचं एक वेळ ठीक आहे, त्याला माहीत आहे. विक्रेत्याने तरी विचारायला हवं होतं.

रबर तेच असतं का, हे आधी तपासलं. तेच नसतं. टायरच्या ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या थरात, नैसर्गिक आणि कृत्रिम रबराबरोबर मजबुतीसाठी भराव घालतात. पूर्वी तो मुख्यतः कार्बन ब्लॅकचा, म्हणजे काजळीच्या पुडीचा, असायचा, म्हणून तर टायर काळा. 1992 मध्ये मिशलिनने सिलिका (वाळूत असतं तेच द्रव्य, बारीक पुडीच्या रूपात) वापरून कमी इंधन खाणारा टायर बाजारात आणला आणि पुढे बाकीच्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. सिलिकाचं वेगळेपण समजून घेण्यासारखं आहे. टायर फिरताना दर फेरीला त्याचा प्रत्येक भाग एकदा चेपतो आणि सुटतो. माझ्या साईजच्या टायरचा घेर जवळजवळ 2 मीटर आहे, म्हणजे 80 च्या वेगाला सेकंदाला 11 फेऱ्या. या चेपण्या-सुटण्यात रबर तापतं आणि तेवढं इंधन वाया जातं. इथे रबराने ऊर्जा कमी खावी अशी आपली इच्छा. ब्रेक मारल्यावर मात्र तेच रबर रस्त्याच्या बारीक खडबडीवर सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, आणि तिथे त्याने भरपूर ऊर्जा खाल्ली तरच गाडी थांबते. एकाच रबराकडून दोन उलट अपेक्षा. सिलिकामुळे त्या बऱ्यापैकी एकत्र साधतात. पण सिलिका रबराशी आपणहून नीट जुळत नाही. त्याला सिलेन नावाचं जोडरसायन लागतं, मिसळताना तापमान सांभाळावं लागतं. खर्च तिथे वाढतो. शिवाय आतला सांगाडा, नक्षीचा अभ्यास, चाचण्यांचे ट्रॅक. महाग टायरमध्ये नावाचे आणि जाहिरातीचे पैसे असतात, यात शंका नाही, पण फक्त तेवढेच नसतात.

तरीही टायर बनवणाऱ्याला तीन गोष्टींची ओढाताण चुकत नाही: ओल्या रस्त्यावरची पकड, इंधनाची बचत आणि टिकाऊपणा. एक ताणली की दुसरी सुटते. महाग टायरमध्ये तिन्ही बऱ्या मिळतात, स्वस्तात एखादी तरी हातची जाते. कुठली गेलेली आपल्याला चालेल, हे ठरवणं महत्त्वाचं.

इथे मी दादाचा आणि माझा हिशोब शेजारी शेजारी मांडला. दादाची गाडी वर्षाला तीस हजार किमीच्या आसपास धावते, माझी जेमतेम सहा हजार. समजा स्वस्त टायर 35,000 किमी टिकला आणि महाग 60,000. (हे आकडे मी हिशोबापुरते धरलेत. गाडी, रस्ता, चालवण्याची पद्धत आणि हवेचा दाब यांवर ते कुठेही जाऊ शकतात.) टायर बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट यांचे दर खेपेला 10 धरले, तर स्वस्ताचे 110 भागिले 35 म्हणजे हजार किमीला सव्वातीनच्या जरा आत, आणि महागाचे 190 भागिले 60 म्हणजेही जवळजवळ तेवढेच. बरोबरी झाली! मग इंधन. टायरचा फिरण्याला होणारा विरोध 10 टक्क्यांनी घटला की इंधन साधारण 1 ते 2 टक्के वाचतं. दोन टायरांच्या विरोधात 20 टक्के फरक असेल आणि कमीत कमी 2 टक्के इंधन वाचलं, तर 60,000 किमीत 1,200 किमीचं इंधन फुकट. दादाने महाग टायर घ्यावेत, त्याचे पैसे वसूल होतात.

माझं गणित वेगळं. 60,000 किमीचा टायर माझ्याकडे दहा वर्षं पुरणार, आणि तोवर त्याचं रबर म्हातारं झालेलं असणार. आत्ता काढायच्या टायरांचं तेच झालं होतं: निम्म्याच्या आसपास नक्षी शिल्लक आणि कडेला भेगा. नवीन गाडीबरोबर आलेले ते चांगल्या कंपनीचे टायर होते, टिकाऊही होते, आणि त्या टिकाऊपणाचा मोठा भाग मी न वापरताच टाकून देत होते. पुन्हा त्याच गुणाचे पैसे मोजायचे कशाला? इंधनाचंही तसंच. वर्षाला सहा हजार किमीवर 2 टक्के म्हणजे 120 किमीचं इंधन. चांगलंच आहे, पण त्यासाठी 80 टक्के जास्त किंमत?

म्हणून टिकाऊपणा मी यादीतून खाली ढकलला. इंधनही. उरली ओल्या रस्त्यावरची पकड. रनिंग कमी असलं तरी ब्रेक दाबायची वेळ येतेच, आणि तेव्हा गाडी वर्षाला किती धावते याला काही अर्थ नसतो.

पकडीचा फरक मीटरमध्ये वाचला तर किरकोळ वाटतो. ओल्या रस्त्यावर 80 च्या वेगाला एक टायर 36 मीटरमध्ये थांबला आणि दुसरा 41 मध्ये, तर आपण म्हणतो, पाचच मीटर तर आहेत. मी कागदावर करून बघितलं. गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे वेगाचा मोठा हिस्सा शेवटच्या थोड्या मीटरमध्ये उतरतो. पहिली गाडी 36 मीटरवर पूर्ण थांबलेली असते, त्या जागी दुसरी अजून ताशी 28 किमीने चाललेली असते. फरक दहा मीटरचा धरला तर 37 किमीने. समोर ट्रकचं मागचं बंपर किंवा रस्ता ओलांडणारं माणूस असेल तर पाच मीटर म्हणजे काय, ते या आकड्यातून कळतं. ब्रेकवर पाय पडेपर्यंतचं अंतर यात धरलेलंच नाही. 80 च्या वेगाला एका सेकंदात 22 मीटर जातात. आणि हे सगळं तोललेलं असतं तळहाताएवढ्या चार ठशांवर. चाकावर 300 किलो भार आणि 32 पीएसआय हवा असेल तर रस्त्याला टेकलेला भाग साधारण 130-135 चौरस सेंटिमीटर भरतो.

या पकडीबद्दल टायरवरच काही लिहिलेलं असतं का? असतं, पण जपून वाचावं लागतं. अमेरिकन पद्धतीची यूटीक्यूजी श्रेणी बऱ्याच टायरांच्या कडेवर कोरलेली असते: ट्रेडवेअर, म्हणजे झीज, 320, 400, 500 असा आकडा, ट्रॅक्शनला, म्हणजे पकडीला, एए, ए, बी, सी, आणि तापमानाला ए, बी, सी. ट्रेडवेअरची चाचणी टेक्सासमधल्या सुमारे 640 किमीच्या ठरलेल्या फेऱ्यांवर, एकूण 11,500 किमीच्या आसपास गाड्या पळवून होते, प्रमाण टायरला 100 धरून तुलना होते, आणि त्यावरून पुढचं आयुष्य काढतात. पण आकडा जाहीर करते ती कंपनी स्वतः. त्यामुळे एका कंपनीचा 400 आणि दुसरीचा 400 एकच असेल असं नाही. विक्रेता मला 500 चा टायर दाखवून "किती चालेल बघा" सांगत होता. माझ्या दृष्टीने तो आकडा मोठा असणं ही शंकेची जागा होती: टिकाऊपणा वाढवताना पकड कुठे सोडली नाही ना? ट्रॅक्शनची श्रेणीही सरळ रेषेत, चाक लॉक करून, ओल्या पृष्ठभागावर मोजलेली असते. वळणावर टायर कसा वागेल ते त्यात येत नाही.

युरोपीय लेबल मला जास्त कामाचं वाटलं. त्यात इंधन आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई अशा श्रेण्या असतात आणि आवाज डेसिबलमध्ये असतो. सध्याचं स्वरूप मे 2021 पासूनचं आहे, आणि युरोपियन युनियनच्या ईपीआरईएल या खुल्या नोंदणीत टायरागणिक माहिती सापडते. मात्र एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या बाजारांत वेगळ्या मिश्रणाचा असू शकतो, म्हणून नाव जुळलं की झालं असं नाही. साईज, भारांक (माझ्या टायरवरचा 91), वेगाचं अक्षर, सगळं जुळवायचं. जर्मनीच्या एडीएसी या मोटारसंघटनेच्या चाचण्याही चाळल्या. 2023 पासून ते गुणांतले 70 टक्के सुरक्षिततेला आणि 30 टक्के पर्यावरणाला देतात. त्या वाचताना एक गोष्ट लक्षात आली. कोरड्या रस्त्यावर स्वस्त टायरही फार मागे पडत नाहीत. पाणी आलं की रांग विस्कटते.

माझ्या यादीतले स्वस्त टायर पकडीच्या श्रेणीत डी. महाग टायर ए. आणि मधल्या भावात एक बी निघाला. इंधनात तो सी होता, टिकाऊपणात मध्यम. मला नको असलेल्या दोन गोष्टींत मध्यम आणि हव्या असलेल्या गोष्टीत चांगला. ए आणि बी मध्येही काही मीटरांचा फरक असतो, हे मान्य. दर महिन्याला घाटातून रात्रीबेरात्री पावसात जाणारी असते तर ए श्रेणीचाच घेतला असता.

हा मधला गट म्हणजे अनोळखी कंपन्यांचा असतो असंही नाही. मोठ्या टायर कंपन्यांचे दुय्यम ब्रँड असतात. फायरस्टोन 1988 पासून ब्रिजस्टोनकडे आहे, बारूम आणि सेम्परिट कॉन्टिनेंटलचे, लॉफेन हॅनकूकचा. थोडी जुनी नक्षी, आधीच्या पिढीचं मिश्रण, पण कारखान्याची शिस्त तीच, असं बऱ्याचदा असतं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तू मोठ्या घरातला धाकटा मुलगा पसंत केलास." केला!

घेताना दोन मोह टाळले. पहिला, महागाच्याच गटातला टायर मोठ्या सवलतीत. कोड बघितला तर तीन वर्षांपूर्वीचा. नीट सावलीत साठवलेला टायर वर्ष-दोन वर्षांनीही चांगला असतो, आणि दादासारखा माणूस तो दोन वर्षांत झिजवून मोकळा होईल. माझ्या बाबतीत टायर वयानेच जाणार आहे, तर गोदामात गेलेली तीन वर्षं माझ्याच खिशातून गेली. मी गेल्या काही महिन्यांतलाच माल हवा म्हणून अडून बसले. विक्रेत्याला ते आवडलं नाही, पण आतून आणून दिला. चारही टायरांचे कोड एकमेकांच्या आठवडाभर मागेपुढे होते.

दुसरा मोह दोनच बदलायचा. मागचे अजून बरे आहेत, पुढे नवे टाका, असं एकाने सुचवलं. वय चारही टायरांचं झालेलं होतं, त्यामुळे प्रश्न मिटला. पण पुढे कोणाला दोनच घ्यायचे असतील तर सांगून ठेवते: नवे मागे टाकायचे, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ बघते, वेग कमी केला की बहुतेक वेळा ताब्यात येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला सावरता येत नाही.

बसवताना मी तिथेच उभी राहिले, आणि उभं राहण्याचा उपयोग झाला. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, ती टायरची सगळ्यात हलकी जागा. ती व्हॉल्वसमोर आणून बसवली की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. कामगार पोराला ते ठाऊक होतं, बोटाने ठिपका चाचपून त्याने टायर फिरवून घेतला. माझ्या टायरांवर "बाहेरची बाजू" असं कोरलेलं होतं, त्यातला एक तो उलटा चढवायला निघाला होता. मी बोट दाखवलं, तो हसला, टायर पलटला. जुन्या वजनांची पट्टी रिमवरून खरवडून काढली, रबराचे व्हॉल्व नवे घातले. चाकाच्या नटांना शेवटी गन (हवेच्या जोरावर आवळणारं यंत्र) न मारता टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, कस दिला, ते मात्र मागून घ्यावं लागलं. गन जास्त आवळते, आणि मग रस्त्यात पंक्चर झालं की घरच्या पान्याने नट हलत नाही. अलाइनमेंटचा कागद पाहिला तर पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं, बाहेर गेलेला निघाला. तसाच राहिला असता तर कुठलाही टायर आतल्या कडेने खाल्ला गेला असता.

पहिले दोनशे-तीनशे किमी हळू चालवले. साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा पातळ थर नव्या टायरवर असू शकतो, तो उडेपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. त्यानंतर एका पावसाळी सकाळी मोकळ्या, रुंद रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही बघून, 50 च्या वेगाला ब्रेक दाबून धरला. जुन्या टायरांवर अशा वेळी एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) खडखड लगेच पायाखाली यायची. आता ती उशिरा आली, थोडीच आली, आणि गाडी थांबली. हे मोजमाप नव्हे, माझ्या पायाचा अंदाज आहे. आवाज थोडा वाढलाय, खडबडीत डांबरावर जास्तच. लेबलवर डेसिबल जास्त होते, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. ॲव्हरेजमध्ये फरक मला तरी पकडता आला नाही.

आता महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, हवा बघते. टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय तशीच निघून जाते आणि थंडी पडली की आणखी उतरते. कमी हवेवर चालणारा ए श्रेणीचा टायरही कडांनी झिजतो, तापतो आणि पाण्यावर लवकर तरंगतो. टायर पुढचे मागे करायला दहा हजार किमी म्हणतात, म्हणजे माझ्याकडे दीड वर्षाहून जास्त. दादाचे टायर तोवर संपत आलेले असतील. त्याने इंधनाच्या श्रेणीत ए असलेले घेतलेत, आणि माझ्या टायरांचा आवाज ऐकून दर वेळी म्हणतो, "ऐकतेस ना? हे वीस-बावीस टक्के कमी द्यायचं फळ." मी त्याला टायरवरचा तारखेचा कोड दाखवते.